बुधीचं गाव

बुधी कातकरीण भेटली की रामराम नाही, काही नाही, आधी विचारायची, "तुजा गाव कोनचा?" समोरचा माणूस रोजच्या ओळखीचा का असेना. आमच्या पाटलांना त्यांच्याच ओटीसमोर तिने हे विचारलेलं मी या कानांनी ऐकलं आहे. पाटील भडकले. "डोका ठिकानावर हाय का गो? मी हतला, या गावचा पाटील!"

"मंग मला कशाला रोज विचारतोस?" बुधी म्हणाली. तिच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना तूच. पाटलांना तेही झोंबलं.

तिला सगळेच विचारत. जंगलातला गार्ड, शहापूरच्या बाजारातला दुकानदार, आटगाव स्टेशनातला हमालसुद्धा. ती आमच्या गावाचं नाव सांगायची आणि ते कुणाला खरं वाटायचं नाही. "कातकऱ्याला कसलं आलंय गाव!" हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की आजही ते आठवलं तरी अंगाची लाही होते.

देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. तानसाच्या जंगलालगतचं आमचं गाव, मधोमध आम्हा कुणब्यांची घरं आणि ओढ्यापलीकडच्या माळावर कातकरीवाडी. बुधी त्या माळावरच जन्मली. आमच्या खाचरांत लावणी तिने करायची, कापणी तिने करायची, पण गावच्या विहिरीला तिचा हात लागायचा नाही. कुणी वरून ओतेल तेव्हा तिने हंडा भरून घ्यायचा. शेंबडी पोरंही तिला "ए बुधे" म्हणत.

दिवाळी झाली की वाडी कोळशाच्या भट्ट्यांवर जायची. शिमग्याला सणापुरती यायची आणि पावसाच्या तोंडावर मुक्कामाला. जाताना बुधी झोपडीच्या दारात करवंदीची काटी लावायची आणि आत चुलीचे तीन दगड तसेच ठेवायची. काटी लावलेल्या दाराला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज होता. "काटी हाय म्हंजे मानूस परत येनार हाय," ती म्हणायची.

आमचे काका मुंबईला गिरणीत होते. तेही शिमग्याला आणि गणपतीलाच उगवायचे. पण होळीत पहिला नारळ त्यांच्या हातचा पडायचा. मी पुढे लग्न होऊन मुरबाडला गेले, तर मला दोन गावं झाली, एक माहेरचं, एक सासरचं. काका पोटासाठी बाहेर गेले तर गावाची शान, आणि बुधी पोटासाठी बाहेर गेली तर भटकी. हा न्याय कुणी ठरवला ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

माझ्या लग्नाआधीच्या वर्षी वाडी भट्टीवर असताना पाटलांनी तो माळ एका गवताच्या व्यापाऱ्याला वखारीसाठी देऊन टाकला. आमच्याकडचं गवत गाठी बांधून आटगावहून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. गडी झोपड्या मोडायला लागले तेव्हा माझे वडील एवढंच म्हणाले, "पाटील, दारांला काट्या हायत."

"ती लोका आज हतं, उद्या तिकडं," पाटील म्हणाले. "त्यांला गाव नाय." संध्याकाळपर्यंत माळ साफ झाला.

होळीच्या सकाळी वाडी परतली, तर झोपड्यांच्या जागी गवताच्या गाठींची थप्पी उभी. बुधीच्या तीन पोरांपैकी दोन लहानपणीच तापाने गेली होती. माळाच्या कडेला त्यांना पुरलं होतं. नेमकं तिथे गाठी दाबायचं यंत्र बसवलं होतं. मी तिला पाणी द्यायला गेले होते. ती रडली नाही. "चुलीचं दगड कुटं गेलं गो?" तिने विचारलं. मी यंत्राकडे बोट दाखवलं. त्याच्या पायाखाली टेकू म्हणून लावले होते. पाटील काय बोलले होते तेही मी तिला सांगितलं.

आता होळीच्या मधोमध उभं करायचं झाड आमच्याकडे कातकरीवाडीने जंगलातून आणायचं असतं. तो म्हणे वाडीचा मान. फुकटच्या कामाला मान म्हणण्यात आमचं गाव पटाईत. उन्हं उतरली तरी झाड येईना, तेव्हा पाटील स्वतः ओढा ओलांडून गेले आणि मागून सगळं गाव. वाडीची माणसं वखारीबाहेर चिंचेखाली बसली होती.

"बुधे, होळीचा झाड कुटं हाय?"

"कोनच्या गावची होळी?"

"आपल्या गावची!"

"तुज्या गावची. आमाला गाव नाय, तूच बोललास. मंग परक्याचा झाड तुज्या होळीला कसा चालंल?"

काका पुढे झाले. "सनासुदीला वाद कशाला गो? तुमचा मान हाय तो."

"मान तुला ठेव," बुधी म्हणाली. "माजा माळ दे."

माळ कुणी दिला नाही. पाटलांनी गड्यांकडून कुठलं तरी झाड तोडून आणवलं, काकांनी नारळ टाकला आणि होळी नेहमीसारखी पेटली. माझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर आहे. काटीचा रिवाज मोडला, झाडाचा मोडला, कुणाचं काही अडलं नाही. विहिरीचा रिवाज तेवढा कुणाला मोडता आला नाही.

वाडी पांगली. बुधी तानसाच्या अंगाला रानात कुठेतरी राहायला गेली. पुढे एकदा ती मला शहापूरच्या बाजारात मोळी विकताना भेटली. "तुजा गाव कोनचा गो?" मी मुरबाड म्हणाले. "आन् आदीचा?" मी आमच्या गावाचं नाव घेतलं. ती मोळी सावरत म्हणाली, "तो मोडला. मी बगितला ना मोडलेला."

ती वारली त्या उन्हाळ्यात मी माहेरीच होते. तिचा मुलगा पाटलांकडे आला. आईला भावंडांशेजारी पुरू द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं. वखार तोवर बंद पडून माळ ओसाड झाला होता. तरी पाटील म्हणाले, "ज्याचा मयत त्यानं आपल्या गावात न्यावा." आईला खांद्यावर घेऊन आलेल्या माणसांना मागे फिरवून तो पोरगा रानात निघून गेला.

थोड्याच दिवसांत काका मुंबईत वारले. त्यांचं प्रेत टेम्पोने गावी आणलं. शिवेवर सगळं गाव सामोरं गेलं. आमच्या ओटीवर बसून पाटील डोळे पुसत म्हणाले, "मानूस कुटंबी जाव, शेवटी आपल्याच मातीत येतो."

बायकांत बसलेली मी उठले आणि भरल्या ओटीवर मोठ्याने विचारलं, "पाटील, तुमचा गाव कोनचा?"