न सरकणारा डाग

कुरिंजीमेडूच्या वेधशाळेत वेल्लैचामी बावीस वर्षं एकच काम करत होता. सकाळी साडेआठला घुमटाची फट उघडायची, दुर्बिणीला काळी काच लावायची, उजव्या डोळ्याने सूर्य पाहायचा आणि त्याच्यावरचे डाग कागदावरच्या आखीव वर्तुळात पेन्सिलीने उतरवायचे. शाळा आठवीपर्यंत. आला होता माळी म्हणून. पण हात असा की जुन्या साहेबांनी खुरपं काढून घेतलं आणि पेन्सिल दिली.

मासी महिन्यात, फेब्रुवारी सरता सरता, एका सोमवारी त्याला सूर्याच्या मध्याजवळ, जरा डावीकडे, एक फिकट डाग दिसला. बोटाने पुसल्यासारखा. नीट पाहायला जावं तर निसटायचा. त्याने तो उतरवला. मंगळवारी तो तिथेच होता. बुधवारीही तिथेच.

आता त्याचा हात थबकला. सूर्य स्वतःभोवती फिरतो, त्याच्याबरोबर डागही रोज पश्चिमेला सरकतात. तीन दिवसांत या डागाने चांगली मजल मारायला हवी होती. वेल्लैचामीने काच पुसली, भिंग पुसलं, भिंगाची नळी गोल फिरवून पाहिली. भिंगावर धूळ असती तर ती नळीबरोबर फिरली असती. डाग हलला नाही.

गुरुवारी प्रमुख तिलगवती त्याच्या टेबलाशी आली. हातात तार होती.

"अण्णा, तुमचा डाग फारच लाजरा निघाला. बाकीच्या वेधशाळांना तोंडच दाखवत नाही."

"त्यांच्याकडे ढग असतील, अम्मा."

"तिन्ही दिवस? सगळ्यांकडे?" ती हसली, पण तार तिने टेबलावरच ठेवली. फोटोच्या प्लेटा संपलेल्या, नव्या यायला महिना होता. तोवर या डोंगरावरची नोंद म्हणजे वेल्लैचामीचं चित्र, दुसरं काही नाही.

संध्याकाळी त्याची बायको पेच्चियम्मा उंबऱ्यावर पोलकं शिवायला बसली होती. "अहो, एवढा दोरा ओवून द्या. सूर्यावरची कुसळं दिसतात तुम्हाला, सुईचं नेढं दिसेलच की."

त्याने सवयीने डावा डोळा मिटला आणि सुई समोर धरली. नेढं नव्हतं. सुईचं टोकच धुरकटलं होतं. त्याने मान वर केली. पेच्चियम्माच्या कपाळावरचं कुंकू पुसल्यासारखं झालं होतं.

"कुंकू कुठं गेलं तुझं?"

"कपाळावर आहे की! भलतंसलतं काय बोलता तिन्हीसांजेला?"

त्याने डावा डोळा उघडला. कुंकू जागच्या जागी होतं. पुन्हा मिटला. गेलं. सुई त्याने खाली ठेवली. त्याला महिन्यापूर्वीची गोष्ट आठवली. पोंगलनंतर काळ्या काचेला केसाएवढी चीर गेली होती. नवी काच येईपर्यंत चार दिवस त्याने तीच वापरली होती, कुणाला न सांगता. एकही दिवस कोरा जाऊ नये म्हणून.

सकाळी घुमट न उघडता तो तिलगवतीच्या खोलीत गेला. "अम्मा, डाग सूर्यावर नाही. माझ्या डोळ्यात आहे."

तिने त्या आठवड्याची चित्रं पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "चार चित्रं आहेत. ती रद्द करते, तारा पाठवते. तुम्ही मदुरैला डोळे दाखवून या."

"चारच कशी? पोंगलपासूनची सगळी रद्द करा."

"अण्णा, त्यांत तो डाग नाहीये."

"नसलेलं दिसलं ते मला कळलं, अम्मा. पण असलेलं काय काय झाकलं गेलं, ते कोण सांगणार?"

तिने लाल शाईची दौत त्याच्याकडे सरकवली. दुपारभर बसून त्याने त्या प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं: पाहणाऱ्याचा डोळा बिघडलेला, विश्वास ठेवू नये. खाली सही केली. शेवटची सही वाकडी गेली.

मदुरैच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजवा भरून यायचा नाही, आणि सूर्याकडे पुन्हा पाहिलंत तर डावाही जाईल. तेव्हापासून दुर्बिणीशी तिलगवती बसू लागली. वेल्लैचामी तिला कागद आखून द्यायचा आणि साडेआठ वाजले की घुमटाकडे पाठ करून बसायचा.

पण एक कागद तो स्वतःसाठी ठेवायचा. भिंतीवर ठिपका काढून, डावा डोळा झाकून, त्या ठिपक्याभोवती जेवढं दिसत नाही तेवढं तो मापून उतरवायचा. वर तारीख घालायचा.

पाच महिन्यांनी, आडी महिन्यात, पेच्चियम्माने तो गठ्ठा पाहिला. "हे कुठल्या सूर्याचं?"

"माझ्या."

तिने पानं उलटली. पहिल्या कागदावर डाग मुगाच्या दाण्याएवढा होता. त्या दिवशीच्या कागदावर त्याची डावी कड वर्तुळाच्या रेघेला टेकली होती.

"डॉक्टर वाढेल असं म्हणाले नव्हते," ती म्हणाली.

"नव्हतेच म्हणाले," वेल्लैचामी बोलला आणि पुढच्या दिवसाचा कागद आखायला घेतला.