भाऊजींनी न मारलेली लाथ

आमच्या वामनराव भाऊजींनी स्वतःच्या वरातीत मोटारीला लाथ मारली नव्हती. चांद्यापासून ब्रह्मपुरीपर्यंतच्या सर्व नातेवाइकांनी ही दुरुस्ती कृपया करून घ्यावी.

मोटार माझी होती. कोळसा खाणीवरचा गोरा साहेब विलायतेला परतताना आपली लाल, बुटकी, दोन सीटांची रेसची गाडी इथेच टाकून गेला. तिचं इंजिन कधीच मेलं होतं. आमचे बाबूजी जंगल ठेकेदार. त्यांची जीप मी नुकतीच एका सागावर नेऊन घातली होती, पण तिचं इंजिन शाबूत होतं. (सागही.) ते इंजिन मी लाल गाडीत बसवायला घेतलं. मॅट्रिक नापास माणसाकडे वेळ भरपूर असतो.

इंजिन बसलं, पण ऑइल फिल्टरला जागाच उरली नाही. मग तो मी आत, डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांपाशी ठोकला आणि इंजिनापासून तिथपर्यंत तांब्याच्या दोन नळ्या ओढल्या. एक तेल आणणारी, एक परत नेणारी. अडचण एवढीच, की इंजिन अमेरिकन आणि फिल्टर विलायती. दोघांचे आटे जुळेनात. नट थोडा फिरायचा, अडून बसायचा आणि तिथून तेल ठिबकायचं.

"नागपूरवरून बरोबर जोड येतपर्यंत गाडी हलवायची नाई," बाबूजींनी बजावलं.

"पण शकूची वरात याच गाडीतून काढायची हाये ना?"

"जोड आला तं. नाई तं बैलाची रेंगी हाये."

शकू माझी धाकटी बहीण. तिचं लग्न उद्यावर आलं, तरी जोड येईना. अख्ख्या चांद्यासमोर मी रेंगीमागे पायी चालायचं? तेवढ्यात आई अंगणात विळ्याची सुटलेली मूठ बसवताना दिसली. आमच्याकडे पळसापळसावर लाख. ती विस्तवावर वितळवायची, मुठीत ओतायची, विळ्याचं टोक खुपसायचं. थंड झाली की दगड.

"फक्त विळा चुलीपाशी ठेवू नोको. मूठ सुटते," आई म्हणाली.

माझ्या गाडीत चूल नव्हती. मी आट्यांवर गरम लाख थापली, नट आवळला, इंजिन सुरू केलं. एक थेंब नाही. बाबूजींना मी फक्त नट बसल्याचं सांगितलं, लाखेचं नाही.

"गरम करून पाह्यलं का?" बाबूजींनी विचारलं.

"पाह्यलं." (मी चहाबद्दल बोलत होतो.)

मे महिन्यातल्या उतरत्या दुपारी वरात निघाली. मी स्टिअरिंगवर, डावीकडे पांढऱ्याशुभ्र कोटातले भाऊजी आणि मागे दुमडलेल्या टपावर शालू सावरत शकू. पुढे पावलापावलावर थांबणारा बँड. त्याच्यामागे आमचं इंजिन भाताच्या हंड्यासारखं रटरटत होतं.

"साळेबुवा, पायाले चटके लागून राह्यले," भाऊजी हळूच म्हणाले.

"नवीन काम हाये भाऊजी. होते असं."

"आन हा वास कायचा?"

"हाराचा."

चौकात बँड थांबला, आम्ही थांबलो आणि लाखेनं हात सोडला. नळी सापासारखी उसळली. काळ्या तेलाची पिचकारी भाऊजींच्या गुडघ्यांपासून फेट्यापर्यंत चढली. त्यांनी दोन्ही पाय उचलून समोरच्या काचेला लावले. इंजिन एकदा कण्हलं आणि कायमचं गप्प झालं. बाबूजी धावत आले तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच: जावई काळा, पाय वर, नळी सुटलेली.

"काय केलं बे हे?"

"भाऊजीची लाथ लागली नळीले," माझ्या तोंडून निघून गेलं.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. शकू वरून म्हणाली, "यायनं लाथ नाई मारली, बाबूजी." आतापासूनच नवऱ्याची बाजू घेते म्हणून बायका हसल्या. "जवाईबापूले यापुढे नानाच्या गाडीत बसवायचंच नाई," बाबूजींनी तिथेच जाहीर केलं. नाना म्हणजे मी. भाऊजींनी उघडलेलं तोंड मिटलं. मग रेंगी आली. बैलांनी आधी नवरानवरीला नेलं, नंतर गाडीला.

तेव्हापासून भाऊजी 'लाथवाले जवाई' झाले. बसमध्येसुद्धा बाबूजी त्यांना ड्रायव्हरपासून दूर बसवत. दिवाळसणाला त्यांना स्टेशनवरून आणायला रेंगीच जाई. बाबूजी गेले, आई गेली, मी काही बोललो नाही.

परवा भाऊजींच्या पणतूचं बारसं झालं. पाळण्याकडे पाहून कुणीतरी म्हणालं, "लाथा झाडून राह्यला. पणजोबावर गेला." सगळे हसले. हातातली जिलबी मी परत ताटात ठेवली. मी भाऊजींच्या खुर्चीपाशी जाऊन बसलो आणि नळी, लाख, चहा, सगळं सांगून टाकलं.

"माहीत हाये मले," भाऊजी शांतपणे म्हणाले. "आमची ब्रह्मपुरीले वखार कायची होती? लाखेची. तापलेली लाख मले वासानं समजत नाई का?"

"मंग बोलले काऊन नाई?"

"बोलूनच राह्यलो होतो. तेवढ्यात तुह्या बाबूजीनं सांगितलं का याले आता नानाच्या गाडीत बसवायचं नाई." त्यांनी दोन्ही पाय आरामात समोरच्या स्टुलावर पसरले. "त्याच्यानंतर तुनं किती गाड्या जोडल्या. मी एकात तरी बसलो का? म्हणून तं पणतू पाह्यला."

मी काठी टेकत, दुखरा गुडघा सांभाळत उठलो. त्या सगळ्या गाड्यांत मी बसलो होतो.