मिठाच्या पाण्यातली फळं

पडदा वर जातो तेव्हा समोर माणूस नसतो, एक स्वयंपाकघर असतं. उजव्या हाताला खिडकी, खिडकीखाली दगडी ओटा, ओट्यावर काचेच्या बरण्यांची रांग, प्रत्येकीच्या गळ्याला वेगळ्या कापडाची चिंधी. डावीकडे परसाचं दार अर्धं उघडं, आणि त्यातून दिसणारा बटाट्याचा वाफा, मोसम सरत आल्यामुळे पिवळा पडत चाललेला. उजेड सकाळचा, ढगाळ. मग आतल्या दारातून काजवाल्या काकू येतात आणि आल्याबरोबर ओट्याच्या कडेला हात लावतात. बघणाऱ्याला वाटावं, बाईंची ही लकबच आहे. गेलं वर्षभर घरच्या सगळ्यांना तसंच वाटत होतं.

काकूंची उभी हयात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं करण्यात गेली. शिपायांचे सदरे, परिचारिकांचे झगे, शाळकरी पोरांचे डगले. बटण ज्यात जातं ते भोक कातरायचं आणि त्याच्या कडेने बारीक टाके घालायचे. यंत्रं आली तरी जाड कापडाची काजं हातानेच करावी लागत, आणि ती काकूंकडेच येत. संध्याकाळी दिवे मंद झाले की आसपासच्या बायका आपापली सुई घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहायच्या. "काकू, ओवून द्या ना." काकू बोलता बोलता, सुईकडे धड न बघता दोरा ओवून द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "लग्नं करताना बरं तुम्हाला सगळं नीट दिसलं!"

त्याच काकूंना आता सुईचं नाक दिसत नव्हतं. आधी दिव्याभोवती कडं दिसू लागलं, मग समोरच्याचा चेहरा मलमलीआडून पाहावा तसा झाला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की काय होईल, हे त्यांना पाठ होतं. सून म्हणेल, आई, तुम्ही बसा. मुलगा म्हणेल, आई, सुरीला हात लावू नकोस. आणि एकदा का माणसाला खुर्चीत बसवलं की त्याला उठा म्हणायला कोणी येत नाही. त्यांच्या आईला असंच बसवलं होतं.

म्हणून मग बोटं. निवृत्तीनंतर काकू लोणची घालू लागल्या होत्या, आणि लोणच्याचं बरंचसं काम बोटांचंच असतं. काकडी हातात घेतली की अंगठा तिच्या फुलाकडच्या टोकावर जायचा. तेवढंच टोक कापून टाकायचं. ते राहिलं की काकडी आठवड्याभरात लिबलिबीत होते. मग थंडगार पाण्यात काकड्या बुडवून ठेवायच्या. बरणीच्या तळाशी लसूण, मिरी, मोहरी आणि द्राक्षाच्या वेलाचं एक पान. वरून मिठाचं पाणी, तेही गार. "ऊन पाणी ओतलंत की झालं," त्या सांगायच्या, "लोणचं नको, सरळ भाजीच करा." काकड्यांबरोबर लहान हिरवे टोमॅटोही असत. मोसम संपताना गल्लीतली माणसं आपापली रिकामी बरणी आणून द्यायची. काकू ती भरून, त्या त्या घराची चिंधी बांधून परत पाठवायच्या, आणि निरोप ठरलेला असायचा: आठवडाभर झाकण उघडायचं नाही.

त्यांचे यजमान वायरमन. खांबावर चढण्यात जन्म गेला आणि एका खांबावरून पडून गुडघा गेला. आता परसातला वाफा हेच त्यांचं जग. बटाटा लावायचा म्हणजे बटाट्याचाच तुकडा पुरायचा, असं सगळे करतात. वायरमनना ते पसंत नव्हतं.

"तुकडा पुरला की तोच बटाटा पुन्हा येतो," ते म्हणायचे. "बी पेरलं तर पोरं होतात. एकाच फळातली, पण एकासारखं दुसरं नाही."

"आणि एकही बापाचं ऐकत नाही," काकू म्हणायच्या.

बटाट्याला फुलं येतात, आणि क्वचित त्या फुलांची फळंही धरतात: गोल, हिरवी, गोटीएवढी, हुबेहूब कच्च्या टोमॅटोसारखी. ती खायची नसतात, अंगात विष असतं. पण त्यांच्या गरात बारीक बी असतं. ते पेरलं तर पहिल्या वर्षी शेंगदाण्याएवढे बटाटे मिळतात, आणि ते पुन्हा लावले की दुसऱ्या वर्षी खरे. मागे करप्याने सगळा वाफा दोन दिवसांत काळा पडला तेव्हा त्यात एकच झाड हिरवं राहिलं होतं. त्याचा बटाटा मात्र चवीला पाणचट. दुसऱ्या एका झाडाचा बटाटा लोण्यासारखा, पण झाड नाजूक. यंदा वायरमननी कुंचल्याने एकाच्या फुलातले परागकण दुसऱ्याच्या फुलाला लावले होते आणि धरलेल्या प्रत्येक फळाला मलमलची पिशवी बांधली होती. पिशव्या काकूंनीच शिवल्या, चाचपत. वायरमनचं हृदय हल्ली कुरकुर करत होतं. पेरायला एक वर्ष, खऱ्या बटाट्याला आणखी एक. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला आपण असू की नाही, हा हिशोब त्यांनी मनात केला असणार. बोलून दाखवला नव्हता.

फळं मऊ पडेपर्यंत ते एरवी परसातल्या खोपटात ठेवायचे. यंदा खोपट गळत होतं. त्यांनी ती पिशव्यांतून काढून एका वाडग्यात घातली आणि वाडगा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून जाता जाता म्हणाले, "माझी फळं आहेत हां खिडकीत." काकू "हो" म्हणाल्या आणि त्यांना वाटलं, पुढच्या खोलीच्या खिडकीत.

बरण्या भरल्या आणि चार दिवसांपूर्वीच घरोघर गेल्या. ओट्यावर उरल्या त्या घरच्या.

आज वायरमन बी काढायला वाडगा शोधत आले. खिडकीत वाडगा होता, रिकामा. ओट्याखालच्या टोपलीत हिरवे टोमॅटो जसे आणले तसेच पडलेले. त्यांनी एक बरणी उचलून खिडकीशी धरली. आतलं एक एक फळ निरखलं.

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं.

"टोमॅटो कुठनं घेतलेस बरणीत घालायला?"

"कुठनं म्हणजे? वाडग्यातून. तुम्हीच धुऊन ठेवलेत, असं वाटलं."

"ती माझी फळं होती गं."

काकूंचा हात आपोआप ओट्याच्या कडेला गेला. "घाईत होते मी," त्या म्हणाल्या. "ढगाळही होतं. लक्ष नव्हतं."

वायरमननी बरणी खाली ठेवली. "चूक माझी. स्वयंपाकघरात ठेवायलाच नको होती." मग आवाज एकदम कामाचा झाला. "चपला घाल. कुणी उघडायच्या आत सगळ्या परत आणायला हव्यात."

कपडे धुवायला न्यायची जुनी ढकलगाडी त्यांनी बाहेर काढली. वायरमन लंगडत गाडी ढकलत होते, आणि काकू गाडीचा दांडा धरून शेजारून चालत होत्या. आधार देत आहेत असं दिसत होतं; खरं तर घेत होत्या.

पहिलं दार न्हाव्याचं. काकूंनी तोंड उघडायच्या आत वायरमन बोलून गेले, "अरे, बरणी परत दे बाबा. तिला मदत करायला गेलो आणि टोमॅटो समजून माझ्या बटाट्याची फळं घातली आत. विषारी असतात."

न्हावी हसला. "वायरमन, जन्मभर लोकांना विजेचे झटके दिलेत, आता विष पाजायला निघालात होय?"

"चुकलं खरं."

"काकू, यांना स्वयंपाकघरात घेताच कशाला? माझ्या दुकानात पाठवा, केस झाडायला!"

काकूंनी हसल्यासारखं केलं. गाडी पुढे गेली तशा त्या हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्ही कशाला..."

"चल चल. अजून पुष्कळ घरं आहेत."

दुसऱ्या दारी तेच, तिसऱ्या दारी तेच. मी घातली. माझं चुकलं. इस्त्रीवालीने बरणी दिली आणि दार लावून घेता घेता आतल्या कोणाला तरी म्हणाली, "म्हातारा चळलाय. बघ ना, बायकोच्या हातच्या लोणच्याचीही वाट लावली." दार पुरतं लागलं नव्हतं. दोघांनीही ऐकलं. वायरमननी गाडीतल्या बरण्या नीट लावल्या, एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे चिंध्या खोचल्या, आणि म्हणाले, "आता पोराचं घर."

पोराच्या घरी मात्र आठवडा कोणी पाळला नव्हता. त्यांची नात, सगळ्यांची पिटुकली, आजीच्या लोणच्यासाठी सकाळपासून हटून बसली होती. सुनेने दारातच सांगितलं, "आई, काय घातलंत हो यंदा? एक चावला आणि थुंकली. आता दोनदा उलटी झाली तिला."

मग रिक्षा, दवाखान्यातला बाक, डॉक्टरांचे प्रश्न, आणि वायरमनचं तेच उत्तर: मी घातली, माझं चुकलं. चावून थुंकलं म्हणून बरं झालं, ते म्हणाले. थोडा वेळ इथेच बसा. पिटुकली बापाच्या मांडीवर मलूल पडून होती. काकू तिच्या पायांवर हात ठेवून बसल्या होत्या, कारण पाय थंड की गरम एवढं तरी त्यांना कळत होतं. दुपार कलली तशी पोरीने बिस्किट मागितलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

तेव्हा मुलगा बोलला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाबा, आजवर मी काही म्हटलं नाही. पण परसात विषारी फळं लावायची आणि तीच घरच्यांच्या बरणीत भरायची, हे मला आता नाही चालणार. रविवारी येतो. वाफा खणून काढतो, मुळासकट. पुन्हा तिथे बटाटा लागणार नाही."

"बरं," वायरमन म्हणाले.

काकूंना वाटलं, आत्ता बोलावं. बोललं की खुर्ची. नाही बोललं की वाफा. त्यांनी पिटुकलीच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

घरी आल्यावर वायरमननी सगळ्या बरण्यांतून फळं वेचून काढली, फोडली, गर पाण्यात कालवून बी धुतलं. काकूंना चाळणीवर बोट फिरल्याचा आवाज ऐकू येत होता. "चार दिवस मिठात राहिलंय," ते म्हणाले. "मेलं असेल. पण साल शाबूत होती. बघू." त्यांनी दोन बशांत ओलं कापड घातलं, त्यावर बी पसरलं आणि बशा चुलीजवळच्या उबेत ठेवल्या. वाफा जाणार हे ठरल्यावर बी रुजवायचं कशासाठी, हे काकूंनी विचारलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात काही प्रश्न कसे विचारू नयेत, ते कळतंच.

पहिल्या रविवारी पिटुकलीला बरं नाही म्हणून मुलगा आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी सकाळी वायरमननी हाक मारली. आवाज लहान पोराचा झाला होता.

"अगं ये, ये लवकर! आलं बघ."

काकू गेल्या. ओट्यावर आणून ठेवलेल्या दोन बशा त्यांना नुसत्या पांढुरक्या वर्तुळांसारख्या दिसत होत्या. त्या उजवीकडच्यावर वाकल्या, तोंडभर हसल्या. "अगंबाई! किती नाजूक. आणि हिरवं कसं गार!"

वायरमन अगदी मऊपणे म्हणाले, "हो ना. गारच आहे."

त्यांचा हात पुढे आला आणि बशी उचलली गेली. डावीकडची.

काकू तशाच वाकून राहिल्या. उजव्या बशीत नुसतं ओलं फडकं होतं. बोट टेकवल्यावर कळलं. यांना कळलं, एवढंच त्यांच्या मनात आलं नाही. यांना कधीपासून माहीत आहे, असं आलं. न्हाव्याच्या दारी माहीत होतं. गाडीचा दांडा मुद्दाम माझ्या बाजूला केला होता. दवाखान्यात "बरं" म्हणताना माहीत होतं. माणसाने आपल्या हयातीतलं शेवटचं पीक देऊन टाकलं, आणि ते कोणासाठी, हे जिच्यासाठी दिलं तिलासुद्धा कळू नये असं बघितलं. आणि मी लोकांना त्याला चळलेला म्हणू दिलं.

त्या दिवशी वायरमननी रोपं एका जुन्या डब्यात मातीत लावली, आणि डबा कुठे ठेवायचा ते ठरेना म्हणून तो तसाच उंबऱ्यात ठेवला.

रविवारी मुलगा आला. बरोबर कुदळ होती, आणि कडेवर पिटुकली, आता टुणटुणीत. त्याचंही मन काही सुखात नव्हतं. आल्यापासून तो बापाच्या तोंडाकडे बघत नव्हता. वायरमन स्वतःच पुढे झाले. "त्या कोपऱ्यापासून धर. तिकडे माती भुसभुशीत आहे, कष्ट कमी."

मुलाने पोरीला खाली ठेवलं आणि कुदळ उचलली.

काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या. दारापासून वाफ्यापर्यंत चार पायऱ्या आणि पुढे दगड; एरवी त्या भिंत धरून उतरायच्या. आज त्यांनी भिंत सोडली. दुसऱ्या पायरीवर पाय चुकला, गुडघा टेकला. "आई!" म्हणत मुलगा धावला, वायरमन लंगडत आले. त्यांनी कोणाचा हात घेतला नाही. मातीत हात टेकून उठल्या आणि चाचपत, सगळ्यांच्या देखत चाचपत, वाफ्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. पायाला पाला लागला तेव्हा थांबल्या.

"अगं, राहू दे," वायरमन हळू आवाजात म्हणाले. "काही बोलायची गरज नाही."

"तुम्ही गप्प बसा हो. फार बोललात तुम्ही गल्लीभर."

मग त्या मुलाकडे वळल्या. तो उभा होता त्याच्या किंचित डावीकडे बघत त्या म्हणाल्या, "कुदळ ठेव खाली. बाबांनी बरणीला हातसुद्धा लावला नव्हता. ती फळं मी भरली, कारण मला दिसत नाही. आत्ता तुझं तोंडही दिसत नाहीये. मला डॉक्टरांकडे ने, खुर्चीत बसव, काय करायचं ते कर. पण आधी जा आणि प्रत्येक दारी सांगून ये, वायरमन चळले नाहीत, काजवाली आंधळी झाली म्हणून."