खर्जाचा सा आणि शेवंताकाकूंचे दादाराव

माझ्या गाण्यामुळे आमच्या घाटंजीतला एक मेलेला माणूस परत आला होता.

पन्नाशी उलटल्यावर मी गाणं शिकायला घेतलं. यवतमाळच्या गुरुजींनी माझा आवाज ऐकला, बराच वेळ डोळे मिटून बसले (मला वाटलं, तल्लीन झाले!) आणि म्हणाले, "वर्षभर फक्त खर्जाचा सा लावा. घरात लग्न असो की मयत, रियाज चुकवायचा नाही."

घरी पहिला सा लावला तशी बायको, मंदा, लाटणं घेऊन बाहेर आली.

"काय होऊन राह्यलं तुमाले? पोट दुखते का?"

"रियाज आहे."

"मंग तो कापसाच्या खोलीत करा!"

कापूस विकून मागची खोली रिकामी झाली होती. खिडकी नाही, कोपऱ्यांत उरलेला कापूस, आणि आवाज असा घुमायचा की आपणच आपल्याला पाठीमागून हाक मारतोय असं वाटावं. वेळ निवडली भर दुपारची. मे महिन्यात त्या वेळी घाटंजीच्या रस्त्यावर माणूस दिसला, तर लोक आधी त्याचे पाय बघतात!

काही दिवसांनी मंदा दबक्या आवाजात म्हणाली, "अवं, मागच्या गल्लीतल्या शेवंताकाकू सांगत होत्या, त्यायचे दादाराव परत आले मनून. दुपारी भिंतीतून कण्हते मने."

काकूंचे यजमान दादाराव दिवाळीतच गेले होते. शेवटी शेवटी कंबरदुखीनं कण्हत असायचे. मी पोट धरून हसलो. (आपलाच आवाज आपल्याला ओळखू आला नाही, यावरून माझी गाण्यातली जाण कळावी!)

दुसऱ्या दिवशी मी सा लावला. थांबलो. आणि भिंतीच्या आतून बारीक आवाज आला, "होऽ जी..."

अंगावर काटा आला. भास असेल म्हणून पुन्हा सा लावला, जरा थरथरता.

"लय दुखते का जी कंबर?"

माझी कंबर खरंच दुखत होती! मांडी घालून घालून पार मोडली होती. पण हे भिंतीला कुणी सांगितलं? घाम फुटला. पळणार, तोच गुरुजींचं वाक्य आठवलं, रियाज चुकवायचा नाही. मी डोळे गच्च मिटून तिसरा सा लावला. तो सा नव्हता, हंबरडा होता.

भिंत गदगदली. "असे नका करू जी. मीच येऊ का आता तुमच्यासंगं?"

त्यानंतर मी जो सूर लावला तो तार सप्तकातला होता. उठलो तो कापसात धडपडलो, दारावर आपटलो आणि ओरडत थेट मागच्या गल्लीत! घामेजल्या अंगाला नखशिखान्त कापूस चिकटलेला. समोर दार उघडून शेवंताकाकू उभ्या. माझ्याकडे एकटक बघत राहिल्या. डोळे भरून आले त्यांचे.

"अगं माय! मेल्यावर पोट सुटलं जी तुमचं!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकूंच्या घराची आणि माझ्या कापसाच्या खोलीची भिंत एकच होती! मागून धावत आलेल्या मंदानं माझ्या तोंडावरचा कापूस ओढला. काकूंनी मला ओळखलं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दाराचा आवाज मला भुतापेक्षा जास्त लागला.

मी गाणं सोडलं. चार दिवसांनी काकू स्वतः आल्या.

"काहून बंद केलं रे सुधाकर?"

"काकू, तो मीच होतो हो."

"माईत हाय मले. तरी तू मन गाणं. दुपार सरत नाही माह्यी."

मग मी नेमानं म्हणत राहिलो. ताप असला तरी, पाहुणे असले तरी. भिंतीपलीकडून कधी बांगड्या वाजायच्या, कधी "होऽ जी" यायचं. आता त्याची भीती वाटत नव्हती. एकदा उत्तर आलं नाही, तेव्हा मात्र वाटली! (काकू लेकीकडे पांढरकवड्याला गेल्या होत्या.)

आणि एक दिवस सा लागला. स्वच्छ, सरळ, न हलणारा. गुरुजींनी पाठ थोपटली. मी पेढे घेऊन पहिला काकूंकडे गेलो. त्यांनी पेढा हातातच धरून ठेवला.

"रोज रोज घासून पार बिघडवला रे तू आवाज," त्या म्हणाल्या. "आता तं नुसतं गाणंच आयकू येते!"