एसटीने कुठे गाठलं?

लहानपणी खाडीत लाँचचा भोंगा वाजायचा. तो ऐकला की आम्ही पोरं बंधाऱ्यावरून तिच्यासोबत धावत सुटायचो. लाँच आम्हाला कुठे मागे टाकते, त्यावरून कोण मोठा झाला ते ठरायचं. आता लाँच नाही, माझे गुडघेही नाहीत. सकाळी पुलाजवळच्या शेवटच्या थांब्यावर नथूच्या टपरीत चहा घेत बसतो. तिथे बसलं की किस्से आपोआप साठतात.

*

आमच्या गावची पोरं पोलीस भरतीसाठी धावतात. वेळ मोजायला मोबाईलवर त्यांचा भरवसा नाही. वरच्या वळणावर सकाळच्या एसटीचा हॉर्न वाजला की ती देवळापासून सुटतात. एसटीने कुठे गाठलं, तेवढी प्रगती.

यात सायली एकटीच मुलगी. गेल्या भरतीत ती धावण्यातच मागे पडली. आणि एसटीचा ड्रायव्हर वसंता हा तिचा बाप. त्याने सांगून टाकलेलं, "माझ्या गाडीच्या आधी पुलावर पोच, मग भर फॉर्म. न्हायतर कपड्याच्या दुकानात नोकरी बघून ठेवलीय."

पहिल्या दिवशी एसटीने तिला बर्फाच्या कारखान्यापाशीच गाठलं. कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "ताई, बसा आत. सीट रिकामी हाय."

*

एकदा ती थेट सुरूच्या बनापर्यंत पुढे निघाली. आम्ही खूश! मग कळलं, मागे कुत्रा लागला होता.

"आजचा दिवस धरायचा का?" मी विचारलं.

"धरा," सायली धापा टाकत म्हणाली. "कुत्रापण मागे राहिला."

*

एकदा तिच्यासोबतचा प्रथमेश सगळ्यांच्या आधी पुलावर हजर. एसटीचा पत्ता नाही. नथूने त्याच्या हातात चहा दिला, जरा जवळ जाऊन वास घेतला आणि म्हणाला, "धावून घाम येतो रे बाळा. सुकटीचा वास कसा आला?"

मासळीचा टेम्पो अजून पुलापलीकडच्या वळणावर दिसत होता.

*

पावसाळा सरला. एसटी तिला शाळेपाशी गाठू लागली, मग बनापाशी, मग पार पुलाच्या चढावर. तेव्हा पोरं चिडवायला लागली, "बाप ब्रेक दाबतोय गं तुझा!"

तिला ते फार लागलं. माझ्याजवळ बाकड्यावर बसली. "आजोबा, भरतीच्या मैदानावर काय पप्पा गाडी चालवायला येणार हायेत? हे खोटं असेल तर मला नको."

मी चहा पुढे केला.

*

फॉर्मची मुदत संपायला आली होती. त्या सकाळी मी पुलाकडे बघत बसलेलो. चढावरून आधी सायलीचं डोकं दिसलं. मग ती पूर्ण दिसली. मागे रस्ता मोकळा. ती थांब्याच्या खांबाला हात लावून वाकली, तेव्हा कुठे एसटी धडधडत वर आली.

वसंता खाली उतरला. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खरं सांगा पप्पा. हळू आणलीत ना?"

तो तोंड उघडणार तोच मागच्या दारातून मासळीवाली हिरूबाय उतरली. अंबाडा सुटलेला, टोपली रिकामी.

"हळू? अगो, माझी कोलंबी उडून कंडक्टरच्या मांडीवर जाऊन बसली! कंबर मोडली माझी. काय भूत शिरलं होतं गो तुझ्या बापात?"

सायली बापाकडे बघत राहिली. वसंताने आपली पाण्याची बाटली तिच्या हातात दिली, आणि खाडीच्या बाजूला चालत गेला.