तुळशीला पाणी

लालबागच्या चाळीत मी सून म्हणून आले तेव्हा आठवड्याभरातच सासूबाईंना कळलं की पोरगी तिखट आहे. माझं डोकं पटकन सणकतं, अजूनही. पण पहिलं मूल झालं आणि ती सणक कोणावर निघेल याची मलाच धास्ती वाटायला लागली.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमचे हे गिरणीतून सुटले की थेट सभेला. रस्त्यावरून सारखे मोर्चे. रडरड रडणारं पोर मांडी दुखेपर्यंत हलवून निजवावं आणि खालून घोषणा उठाव्यात, की हा टक्क जागा. महाराष्ट्र मलाही हवा होता हो, पण माझं पोर निजलेलं असताना नको.

एका दुपारी तो असाच उठला आणि किंचाळायला लागला. मी त्याचे दंड धरले. किती घट्ट धरले ते त्याच्या कातडीवर माझी बोटं उमटलेली दिसली तेव्हा कळलं. त्याला पाळण्यात ठेवलं आणि भिंतीशी बसून मीही रडले.

मला आई नव्हती. पुढच्या तपासणीला प्रसूतिगृहातल्या नर्सबाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता खडसावणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "राग येतो यात पाप नाही. तो आला की आधी बाळाला पाळण्यात ठेव. घटकाभर रडला तर काही होत नाही त्याला. तू बाजूला जा, कोपरापर्यंत हात गार पाण्यात घाल आणि मनात म्हण, हा राग आहे, आलाय तसा जाईल. श्वास सावकाश सोड. हात ताब्यात आले की मगच त्याला उचल."

ऐकायला सोपं. पण बाळंतिणीनं गार पाण्यात हात घालायचा? सासूबाई मालवणकडच्या. कढत पाण्याची न्हाणी, शेगडीचा शेक, कानाला फडकं, सगळं रीतसर चाललेलं. गार पाण्याला बोट लावलं की अंगात वात भरतो, ही त्यांची खूणगाठ. मोरीतल्या पिंपावर त्यांचा पहारा असायचा. त्या गॅलरीत मोर्चा बघायला गेल्या की मी चोरून हात बुडवायची. आणि खरंच, जरा वेळानं छातीतली धडधड उतरायची.

एकदा सापडले. पोर पाळण्यात तारस्वरात, मी मोरीत, हात कोपरापर्यंत पिंपात, आणि दारात सासूबाई.

"काय करतंस गो?"

थाप मारायचंही सुचलं नाही. "आई, हात पाण्यात घातले नाहीत तर त्याच्यावर उठतील. मला माझीच भीती वाटते."

वाटलं, आता अख्खी चाळ गोळा होणार. त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन पोराला खांद्यावर घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "घाल मगे. निवांत घाल."

दुसऱ्या दिवशी गॅलरीत, डब्यातल्या तुळशीशेजारी पाण्यानं भरलेलं पितळी घंगाळ आलं. शेजारणींनी विचारलं तर उत्तर तयार होतं, तुळशीचं पाणी. पोराचा आवाज चढला आणि माझा चेहरा बदलला की त्या चारचौघींत हाक द्यायच्या, "गो, तुळशीक पाणी घाल." मी मुकाट उठून जायची. चाळीत माझ्या भक्तीचं भारी कौतुक झालं. ह्यांना मात्र शंका, इतक्या पाण्यानं तुळस कुजेल. तुळशीला बिचारीला चूळभरसुद्धा मिळत नव्हतं.

पोर बाळसं धरत होतं, मीही माणसात येत होते. एका सकाळी मी भाकऱ्या भाजत होते आणि तो सासूबाईंच्या मांडीवर हट्टाला पेटला होता. काही केल्या ऐकेना. बघते तर सासूबाईंचे ओठ घट्ट मिटलेले, हात त्याच्या दंडांवर आवळत चाललेले. हे हात मी ओळखत होते. तवा उतरवला, पोराला घेतलं आणि म्हटलं, "आई, तुळशीला पाणी घाला."

त्या उठून गॅलरीत गेल्या. बऱ्याच वेळानं मी डोकावले. बाहेरच बसल्या होत्या, दोन्ही हात घंगाळात, डोळे मिटून. सासरे मुंबईला गिरणीत असताना त्यांनी गावी एकटीनं पाच पोरं वाढवली होती. त्यांना तेव्हा कोणी एकदाही तुळशीकडे धाडलं नव्हतं. मी पोराला घेऊन आत आले आणि त्यांना बसू दिलं.