वीतभर वरच

आमच्या कास्तेल्लाम्मारे गावात एरसिलिया आली की लोक उगाच स्वतःची मान चाचपतात. बाईचं कामच तसं. विमा कंपनीसाठी ती ठोकलेल्या गाड्या तपासते. रस्त्यावर बसून पोचा मोजते, लाल-पांढरी मोजपट्टी शेजारी उभी करून फोटो काढते आणि 'मान लचकली' म्हणणाऱ्याचं खरं-खोटं करते. वर तोंडाने अखंड गाणं!

त्या दिवशी ती माझ्या कॉफीच्या दुकानासमोर आली ती कातेल्लोसाठी. हा शाळेची व्हॅन चालवतो. लावताना त्याची व्हॅन लिबोरिओकाकांच्या गाडीला टेकली. नुसती टेकली हो! इथे गाडी लावताना सगळेच टेकवतात. पण काका गळ्यात पट्टा बांधून फिरायला लागले. माणसाला इजा केली असं ठरलं असतं, तर कातेल्लोची नोकरी गेली असती. मला असा संताप आला होता, वाटलं काकांच्या कॉफीत मीठच घालावं.

एरसिलियाने व्हॅनच्या बंपरला पट्टी लावली, मग काकांच्या गाडीच्या पोच्याला. "पोचा बराच खाली आहे की!"

"तेव्हा व्हॅन भरलेली होती," काका म्हणाले. "वजनाने दबली होती."

"मग भरू या!"

झालं! अख्खी गल्ली व्हॅनमध्ये घुसली. मी, खाटीक, शिंपीणबाई, सगळे.

"अगं, पोट आत घे!"

"तू उतर आधी, टायर फुटेल!"

खालून एरसिलिया ओरडली, "बंपर अजून वीतभर वरच!"

मग उठून तिने सहज विचारलं, "काका, गाडी आधी कुठे फाटकाला वगैरे घासली होती का?"

काकांनी आमच्याकडे सगळे म्हणतात तसं 'नाही' म्हटलं. हनुवटी वर, डोकं झटक्यात मागे, च्यक्! पट्टा सुटून खाली पडला.

आम्ही इतके हसलो की व्हॅन हलायला लागली. काका दोन्ही हातांनी मान धरून "आई गं" करत होते, पण ऐकतंय कोण! कातेल्लो मात्र रडत होता, वेडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन नेहमीसारखी काकांच्या दारात थांबली, त्यांच्या नातीसाठी. काका खाली बघत तिला घेऊन आले.

"चढ गं राणी," कातेल्लो म्हणाला. "काय काका, हिला सोडून आलो की कॉफी घेऊ या?"

काकांनी हळूच मान हलवून 'हो' म्हटलं. कॉफी मीच केली. मिठाची बरणी हाताशीच होती, पण साखर घातली.